आजारी माणसाला "मांजर देऊन टाका" असं सांगणाऱ्यांसाठी

निशिगंध :
काल पथ्यपाण्याच्या धाग्यावर तात्या पेणकर यांनी लिहिलं की ज्याला स्वतःचं औषधपाणी झेपत नाही त्यानं मांजर पाळणं हा निव्वळ हट्ट आहे, मांजराची जातच स्वार्थी, आणि 'भावनिक आधार' हे अमेरिकेतून आलेलं खूळ. तिथे दोन ओळीत आटपण्यासारखं नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

मला र्‍हुमॅटॉइड संधिवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. ज्यांनी ती घेतली आहे त्यांना गोळीनंतरचा दुसरा दिवस समजावून सांगायला नको. पोटात ढवळत असतं, तोंडाची चव गेलेली असते आणि सकाळी बोटं अशी आखडलेली असतात की दुधाची पिशवी कापायला कात्री धरता येत नाही. नवरा कामावर, लेक शाळेत. फोन करणारा प्रत्येक जण "आता कसं वाटतंय?" विचारतो. खरं सांगितलं की समोरच्याचा आवाज पडतो आणि मग धीर मलाच द्यावा लागतो. म्हणून "बरंय" म्हणायचं. माझी मांजर ठमी काही विचारत नाही. पोट आणि मांडीच्या मधल्या खाचेत येऊन बसते, पुढचे पाय आळीपाळीने दाबत राहते, घुरघुर सुरू करते. तेवढा वेळ मला बरी असल्याचं दाखवावं लागत नाही. मी यालाच आधार म्हणते.

कुत्रा पाळा म्हणणाऱ्यांनी पट्ट्याचा एक हिसका माझ्या मनगटाला काय करतो ते बघावं. मांजराला फिरवायला न्यावं लागत नाही. वाटीत खाणं, स्वच्छ पाणी, लिटर (तिच्या शीची वाळू), एवढं माझ्या वाईट दिवशीही होतं. आणि ते करायचं असतं म्हणूनच मी त्या दिवशी अंथरुणातून उठते.

माझ्या आधीच्या डॉक्टरांनी मान वर न करता "मांजर देऊन टाका" असं सांगितलं. आताच्या डॉक्टर बाईंनी कागदावर लिहून दिलं: लिटर रोज साफ करायचं, शक्यतो दुसऱ्याने, नाहीतर हातमोजे घालून, तिला कच्चं मांस द्यायचं नाही, बाहेर सोडायचं नाही, नखं कापायची, पिसवांचं औषध चुकवायचं नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूची बीजं मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर लगेच बाधत नाहीत, त्यांना पिकायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून "रोज" हा शब्द महत्त्वाचा. अर्धवट शिजलेलं मटण आणि न धुतलेली पालेभाजी यांतूनही तोच जंतू येतो, पण कोथिंबीर बंद करा असं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

तात्या पेणकर :
माझं नाव घेऊन धागा काढलात, तेव्हा उत्तर देणं आलं.

ताई, तुमच्या लेखात लिटर "शक्यतो दुसऱ्याने" साफ करायचं आहे. हा दुसरा कोण? आमच्याकडे ती माझी वहिनी होती. थोरल्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या. घरीच पोटाचं डायलिसिस चालू होतं, रात्री झोपेत मशीन पाणी बदलायचं. त्याला मांजराचा लळा, मांजर त्याच्या पायाशी. एका रात्री तिने नळी चावली. भोक एवढं बारीक की कोणाला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी पोटातून आलेलं पाणी गढूळ, ताप, पोट हात लावू देत नव्हतं. मांजराच्या तोंडातला पाश्चुरेला नावाचा जंतू निघाला. अँटिबायोटिक, अ‍ॅडमिट, शेवटी पोटातली नळी काढावी लागली आणि आता आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास सुईवर रक्ताचं डायलिसिस.

तो अ‍ॅडमिट असताना मांजराचं कोण करत होतं? वहिनी. हॉस्पिटलचा डबा करून, बस पकडून, परत येऊन शी साफ करून. आधार भावाला आणि राबणं वहिनीला, याला मी हट्ट म्हणतो आणि म्हणत राहीन.

रानजाई :
तात्या, वाईट झालं. पण याच्यासाठी नियम आहे: डायलिसिसच्या खोलीत मांजर नाही. पाणी बदलताना दार बंद, रात्री मशीन चालू असेल तर रात्रभर दार बंद. मऊ, हलणारी नळी दिसली की मांजर ती चावणारच. मशीन घरी बसवताना "घरात मांजर आहे का?" हा एक प्रश्न कोणी विचारला होता का?

तात्या पेणकर :
नाही विचारला. पण विचारला असता तरी भावाने दार उघडंच ठेवलं असतं. ओळखतो मी त्याला.

अटलांटाकर :
'अमेरिकेतलं खूळ' याबद्दल थोडं. इथे घरमालक "प्राणी चालणार नाही" म्हणू शकतो, म्हणून आजारी माणसाला डॉक्टरची किंवा समुपदेशकाची 'आधारासाठी प्राणी हवा' अशी चिठ्ठी लागते. चिठ्ठीला महत्त्व आलं ते त्यामुळे. ऑनलाइन पैसे भरून चिठ्ठ्या विकत मिळायला लागल्या, लोक विमानात वाट्टेल ते प्राणी आणायला लागले आणि २०२१ पासून विमान कंपन्यांवर असे प्राणी फुकट नेण्याचं बंधन राहिलं नाही. खोट्या चिठ्ठ्यांवर हिंडणाऱ्यांमुळे खऱ्या रुग्णांची अडचण झाली याचा मला मनापासून राग आहे. भारतात ही चिठ्ठीची भानगडच नाही. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही हे जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे.

दादरकर :
आणि शेजाऱ्याच्या फुप्फुसांचं काय? मला कबुतरांमुळे फुप्फुसाचा आजार जडला, जिना चढताना मधे थांबावं लागतं. २०२५ मध्ये कबुतरखाना बंद करताना दादरमध्ये जे झालं ते डोळ्यांनी पाहिलं आहे. जनावरांवर प्रेम करणाऱ्यांना माणसाचा खोकला ऐकू येत नाही हा माझा अनुभव. माझ्या पुतणीला दमा आहे. मांजराची अ‍ॅलर्जी केसांची नसते, लाळेतल्या प्रथिनाची असते. मांजर अंग चाटतं, ते प्रथिन वाळतं आणि घरभर उडतं. मांजर गेल्यावरही ते कित्येक महिने घरात राहतं. दमेकऱ्याला मांजराचा आधार सांगणं हा गुन्हा आहे.

निशिगंध :
दमेकऱ्याला मी कुठे सांगितलं? अ‍ॅलर्जी असेल तर नको, पूर्णविराम. कबुतरांशी माझा वाद नाही.

मंगलामावशी :
मला एक कळत नाही, एवढं हातमोजे, लिटर, औषधं कशाला? आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात मांजरं पिढ्यान् पिढ्या दूधपोळीवर वाढली. माझ्या सासूबाईंना पक्षाघात झाला तेव्हा मनी त्यांच्या उशाशी असायची, आम्ही पूर्ण शाकाहारी, घरात अंडंसुद्धा नाही. कोणाला काही झालं नाही. हे पिशवीतलं खाद्य दुकानदारांनी डोक्यात भरवलं आहे. आताही माझ्याकडे माऊ आहे, दूधपोळी आणि दहीभात खाते, मजेत आहे.

रानजाई :
मावशी, वाड्यातली मांजरं दूधपोळीवर जगली नाहीत, उंदरांवर जगली. दूधपोळी वरची. तुमची आताची माऊ कितव्या मजल्यावर आहे? तिथे उंदीर आहेत का?

मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि निसर्गात ते मांस-माशांतूनच मिळतं. तिचं शरीर ते पुरेसं बनवत नाही. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो, हृदय मोठं होऊन ढिलं पडतं. हृदयाचं हे १९८७ मध्ये संशोधनातून पुढे आलं आणि त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं. आणि मोठ्या मांजराला बहुधा दूधही पचत नाही. मजेत दिसणारं मांजर आतून आंधळं होत असतं आणि घर ओळखीचं असल्यामुळे ते कळत नाही. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या बाकावर एक दिवस बसून बघा काय काय येतं.

मंगलामावशी :
म्हणजे मी माझ्या माऊला मारते आहे असं म्हणायचं आहे का तुम्हाला? पोटच्या पोरासारखं करते मी तिचं. माझ्या देवघरासमोर मासे उकडायचे का आता?

कोल्हापुरी ठसका :
मावशी, वाघाच्या मावशीला दहीभात घालून आपलं सोवळं सांभाळायचं हे मला पटत नाही. आपलं व्रत आपल्यापाशी. तिनं कुठे घेतलं आहे?

मंगलामावशी :
सोवळं काढू नका. मी वयाने मोठी आहे.

कोल्हापुरी ठसका :
वयाचा मान आहेच. पण मान ठेवला म्हणून मांजराच्या अंगात टॉरिन वाढत नाही. आमच्याकडे सुकट उकळायला ठेवली की सोसायटीचा सेक्रेटरी दारात येतो, "वास येतो, लोक तक्रार करतात." मला साखरेचा त्रास, बायकोला थायरॉइड, आणि तिच्या बोक्यासाठी उकळलेल्या वाटीभर सुकटीवर कमिटीची मीटिंग! गटाराच्या वासावर कधी मीटिंग झाली नाही.

दादरकर :
मीटिंग व्हायलाच हवी. २०२५ मध्ये हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरं निघाली. तिथेही सुरुवात प्रेमानेच झाली असणार.

निशिगंध :
एका मांजराच्या धाग्यावर तीनशे मांजरांचा हिशेब माझ्याकडून मागू नका. आणि सुकट, दहीभात, सेक्रेटरी यासाठी कृपया वेगळा धागा काढा.

रानजाई :
वेगळा कशाला? हे आजारी माणसाच्याच प्रश्नाचं आहे. ज्याला मासे उकडायला उभं राहवत नाही किंवा घरात चालत नाहीत, त्यानं टॉरिन असलेलं कोरडं खाद्य आणावं. हात लागत नाही, वास नाही, भांडं नाही. मावशी, तुम्हालाच सांगते आहे, रागाने नाही.

विदाप्रेमी :
सगळे स्वतःच्या घरचं सांगताहेत. मिनेसोटा विद्यापीठाचा ४००० हून जास्त लोकांचा अभ्यास २००९ मध्ये आला होता, त्यात मांजर पाळणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू कमी दिसले. पण मांजरामुळे कमी झाले हे त्यातून सिद्ध होत नाही. शांत स्वभावाची माणसं मांजर पाळत असतील. घुरघुरीच्या कंपनांनी हाडं जुळतात असे निरोप फिरतात, त्याला माणसांवरच्या प्रयोगाचा आधार नाही.

निशिगंध :
ठमीने माझे सांधे बरे केले असं मी लिहिलेलं नाही. माझा सीआरपी (रक्तातली सूज मोजणारी तपासणी) जेवढा होता तेवढाच आहे. मी बरं होण्याबद्दल बोलतच नाहीये. जो आजार जाणार नाही असं सांगितलं गेलं आहे, त्याच्याबरोबर दुपारचे चार तास कसे काढायचे याबद्दल बोलते आहे. त्याचा तक्ता कोण करणार?

तात्या पेणकर :
हे तक्त्याचं मान्य. तेवढंच मान्य.

वहिनीने हा धागा वाचला. तिचं म्हणणं, सगळं लिहिलंस तर हेही लिही: मांजर आम्ही खालच्या मजल्यावर दिलं, आणि डायलिसिसहून आला की भाऊ आधी तिथे जाऊन बसतो. घरी आमच्याशी चार शब्द बोलत नाही, तिथे मांजराला दिवसभराचं सांगत असतो. मला हे आवडत नाही. पण तो तिथून जेवायला वर येतो तेव्हा जेवतो, हे खरं आहे. आता पोटात नळी नाही, मग परत आणायला हरकत काय असं तो विचारतो आहे.

रानजाई :
फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात तो हात झाकलेला हवा, त्या हाताने खेळवायचं नाही. नखं नियमित कापायची. चावलं किंवा ओरबाडलं तर लगेच साबणाच्या पाण्याने धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर, रेबीजच्या लशीचं विचारायचं, "उद्या बघू" नाही. मांजराच्या दाताची जखम वरून टाचणीएवढी दिसते पण खोल जाते. आणि नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, आधी विचारा. आणखी कोणी नवीन घेणार असेल तर पिल्लू नको, वर्षाच्या वरचं घ्या. पिल्लं जास्त ओरबाडतात आणि ओरखड्यातून येणारा तापही त्यांच्याकडून जास्त येतो.

निशिगंध :
आणि तात्या, वहिनींना विचारल्याशिवाय आणू नका. त्या नाही म्हणाल्या तर मी त्यांच्या बाजूने. तुमच्या पहिल्या प्रतिसादातला हा एक मुद्दा मला रात्रभर टोचत होता. माझ्याकडे लिटर लेक साफ करतो, पण ते त्याच्याशी बोलून ठरलं आहे आणि परीक्षेच्या दिवसांत नवरा करतो.

मंगलामावशी :
कोरडं खाद्य कुठलं ते नाव माझ्या विपूत (विचारपूशीत) टाका. दहीभात मी बंद करणार नाही, थोडा देईन. मासे आणणार नाही.

तात्या पेणकर :
वहिनीला विचारलं. ती म्हणते, शी पुतण्याने काढायची, रोज, कॉलेजला जायच्या आधी, आणि भाऊ अ‍ॅडमिट झाला तर मांजर त्याच दिवशी खालच्या मजल्यावर. या दोन अटींवर पुतण्या हो म्हणाला तर आणू. अजून त्याने हो म्हटलेलं नाही.