इंग्रजीतला वुड (would) नेमका कुठं वापरायचा?

खानापूरकर: पोरगी यंदा एसएसएलसीला (दहावीला) आहे, काल विचारायली की पप्पा वुड म्हणजे विलचा भूतकाळ तर मग 'वुड यू लाइक टी' यात भूतकाळ कुठाय, मला काय सांगता आलं नाही. कोणतरी नीट सांगा की.

निपाणीची ताई: दादा, तिथं काळ नाहीच, अदब आहे. आपण पाहुण्याला 'चहा पाहिजे?' न म्हणता 'चहा घ्याल का' म्हणतो तसं. दुसरा अर्थ सवयीचा, लहानपणी आम्ही सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला बैलगाडीनं जायचो, हे 'वी वुड गो'. आणि 'तू आला असतास तर मी गेलो असतो' यातलं 'गेलो असतो' म्हणजे 'वुड हॅव गॉन'.

टिळकवाडी: कन्नड येत असंल तर अजून सोपं, 'होगुत्तिद्दे' म्हणजे जायचो पण आणि संदर्भ बघून गेलो असतो पण. फक्त राहायचो, आवडायचं असल्या स्थितीला वुड चालत नाही, मी लई वर्षं चुकलो, तिथं 'आय यूस्ड टू लिव इन बेळगाव'च. आणि इफच्या बाजूला सहसा वुड नको, 'इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ हाऊस'.

खानापूरकर: ते इफचंच तिचं चुकायलंय बघा! आज संध्याकाळी बसवून सांगतो, ताई तुमचं जत्रेचं वाक्य पण घेतो.