विधी शाखेच्या प्रथम वर्षाला मसुदालेखन कोठून शिकवायला सुरुवात करावी?

प्रश्न | तासिका_नाशिक

नमस्कार. नाशिकमधील एका विधी महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर शिकवते. यंदा तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातील प्रथम वर्षासाठी लेखन आणि प्रत्यक्ष वकिलीची कौशल्ये शिकवायला आठवड्यातून एक तास माझ्याकडे आला आहे. वर्गात साठच्या आसपास विद्यार्थी असून त्यांतले बरेचसे सिन्नर, दिंडोरी, निफाड या तालुक्यांतून मराठी माध्यमात शिकून आलेले आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे मसुदालेखनाच्या सक्तीच्या पेपरात 15 मसुदे आणि 15 दस्त लिहावे लागतात. पण आमच्याकडे तो पेपर पुढे येतो आणि तोपर्यंत नमुन्यांच्या पुस्तकातून उतरवून काढण्यात विद्यार्थी तरबेज झालेले असतात. पहिल्याच वर्षी दाव्याचा नमुना शिकवावा, की निकालपत्र वाचण्यापासून सुरुवात करावी? लेखन मराठीत घ्यावे की इंग्रजीत, यावरही आमच्या स्टाफरूममध्ये एकमत नाही.

प्रतिसाद | दिवाणी_वकील

मॅडम, पहिल्या वर्षी नमुन्याला हातच लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात कामे चालवतो. माझ्याकडे येणाऱ्या ज्युनिअरना दाव्याचा मायना तोंडपाठ असतो, मात्र पक्षकार समोर बसून जे तासभर सांगतो त्यातून तारखा वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून आधी हकीकत ऐकणे, मग तारीखवार तक्ता आणि सर्वांत शेवटी मसुदा, हा क्रम ठेवावा.

उदाहरणादाखल निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराची काल्पनिक हकीकत द्या. व्यापाऱ्याने माल उचलला, पाच लाखांचा चेक दिला, मध्येच एक लाख खात्यावर पाठवले आणि नंतर चेक न वटता परत आला. ही हकीकत मुद्दाम विस्कळीत लिहावी, पक्षकार बोलतात तशी: "पोरीच्या लग्नाआधी चेक दिला, दिवाळी झाल्यावर बँकेतून परत आला, तोवर भाऊ म्हणाला थांब." विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारून नेमक्या तारखा काढायच्या, कारण परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे चेक-हुंडीच्या कायद्याच्या, कलम 138 खाली चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यापासून चेक देणाऱ्याला 15 दिवसांची मुदत असते आणि ती संपल्यावर कलम 142 प्रमाणे एका महिन्यात फिर्याद दाखल करावी लागते. "दिवाळी झाल्यावर" या दोन शब्दांवर अख्खे प्रकरण मुदतबाह्य होऊ शकते, हे विद्यार्थ्याला तक्ता करतानाच कळते.

खरी गोम त्या एका लाखात आहे. चेक दिल्यानंतर पण बँकेत भरण्यापूर्वी काही रक्कम मिळाली असेल आणि तिची नोंद चेकवर केली नसेल, तर पूर्ण रकमेचा तो चेक परत आल्याने कलम 138 चा गुन्हा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दशरथभाई त्रिकमभाई पटेल प्रकरणात म्हटले आहे. वर्गात बहुतेक जण पाच लाखांचीच नोटीस लिहितील. तेव्हा लगेच उत्तर सांगू नये. एक लाख कोणत्या तारखेला आले, एवढेच विचारावे.

प्रतिसाद | विधी_अध्यापक, नाशिकरोड

वकीलसाहेबांच्या क्रमाशी मी निम्माच सहमत आहे. तारखांचे महत्त्व मान्य, परंतु कायदा काय विचारतो हे ठाऊक नसलेला विद्यार्थी पक्षकाराला कोणते प्रश्न विचारणार? म्हणून आधी काही तास निकालपत्र वाचनाला द्यावेत आणि निकाल छोटा निवडावा. टी. अरिवंदंदम वि. टी. व्ही. सत्यपाल (1977) हा मोजक्या परिच्छेदांचा निकाल आहे. चतुर मसुद्याने दाव्यास कारण असल्याचा नुसता आभास उभा केला असेल, तर न्यायालयाने असा दावा सुरुवातीलाच रोखावा, हे त्यात सांगितले असल्यामुळे मसुदालेखन शिकणाऱ्याने तो वाचलाच पाहिजे. घटना, वादाचा प्रश्न, निर्णयाचा आधार आणि ओघात केलेली भाष्ये एका पानात वेगळी करून लिहायला सांगावीत. पुढे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 6 नियम 2, म्हणजे महत्त्वाच्या घटना मांडाव्यात, पुरावा मांडू नये, हा नियम समजावताना फार बोलावे लागत नाही.

मूळ निकाल ई-एससीआरवर, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या अधिकृत ऑनलाइन संग्रहात, उघडून पाहिल्याशिवाय त्याचा हवाला लिहायचा नाही, ही अट पहिल्या दिवसापासून घालावी. गाईडमधले आणि आता संगणकाने रचून दिलेले हवाले विद्यार्थी बिनदिक्कत उतरवतात.

प्रतिसाद | नवी_सनद

भाषेबद्दल माझा अनुभव सांगते. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, तर उच्च न्यायालयाचे कामकाज संविधानाच्या अनुच्छेद 348 मुळे इंग्रजीत चालते, त्यामुळे दोन्ही भाषा लागतात. मात्र पहिल्या वर्षी हकीकत आणि तक्ता मराठीत, तर निकालाचा सारांश इंग्रजीत घेतल्यास विद्यार्थी विचार आणि व्याकरण या दोन आघाड्यांवर एकदम अडकत नाहीत.

विद्यार्थ्यांना न्यायालयात अवश्य पाठवावे, पण नुसते बसवून ठेवू नये. निशाणी 5 च्या अर्जावरील, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरील, युक्तिवाद ऐकून न्यायाधीशांनी वकिलांना कोणते प्रश्न विचारले तेवढेच लिहून आणायला सांगावे. ताबा कोणाचा, सातबारावर नाव कधी लागले, दावा दाखल करायला इतका उशीर का, असे प्रश्न हाती आले की मसुद्यात काय असायला हवे होते ते आपोआप दिसते. कोणी वकिलांनी जुनी फाईल दिली, तर नावे आणि गट नंबर झाकूनच वर्गात आणावी. पक्षकाराची गुप्तता प्रकरण निकाली निघाल्यावर संपत नाही.

तासिका_नाशिक

सर्वांचे आभार. द्राक्षांच्या हकीकतीपासूनच सुरुवात करते आणि अरिवंदंदमचा निकाल तिच्या पाठोपाठ घेते. साठ नोटिसा एकटीने तपासायच्या कशा, एवढाच प्रश्न उरतो.

विधी_अध्यापक, नाशिकरोड

सगळे तपासूच नये. पहिल्या खर्ड्यात केवळ तारखा आणि रक्कम पाहावी, भाषेवर लाल शाई चालवू नये. हे खर्डे विद्यार्थ्यांनी आपसांत बदलून, व्यापाऱ्याचे वकील म्हणून त्यांना नोटीस-उत्तर लिहावे. नोटिशीतली फट शोधण्याचे काम त्यामुळे वर्गच करतो. गुण मात्र ते उत्तर वाचून सुधारलेल्या दुसऱ्या खर्ड्यालाच द्यावेत, म्हणजे पहिला कोणी उतरवून आणला तरी फारसे बिघडत नाही.