अलास्कात खेकड्याच्या बोटीवर काम: माणसं आणि पिंजऱ्यांची मर्यादा? (तातडीनं मदत हवी)

उचगावकर: शनिवारी पैसे भरायचेत, पटकन सांगा. अलास्कात खेकड्याच्या बोटीवर माणसं किती, पिंजरे किती, याला कायद्यानं मर्यादा आहे का? एजंट म्हणतोय एका बोटीवर वीस जणांची भरती आहे, पिंजरे हवे तेवढे, जेवढा माल तेवढा वाटा.

तिकटी_९: जाणार कोण? व्हिसा कुठला? पैसे कसले?

उचगावकर: धाकटा भाऊ. शिरोलीत फिटर आहे. व्हिसाचं एजंट बघतोय. मर्यादेचं सांगा की.

डेकवाला: मी मालवाहू जहाजांवर होतो, तिकडच्या बंदरांतली माणसं भेटलेली आहेत. खेकड्याच्या बोटीवर कप्तान धरून पाच-सात जण असतात. वीस जणांना तिथं झोपायलाही जागा नाही. ‘हवा तेवढा माल’ तर साफ खोटं. २००५ पासून अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात प्रत्येकाचा कोटा ठरलेला आहे. ब्रिस्टल उपसागरातल्या रेड किंग क्रॅब जातीतला फक्त नर ठेवायचा, तोही साडेसहा इंच रुंदीच्या वरचा. मादी परत पाण्यात. पिंजऱ्यावरही नियम आहेत: जाळीत सुती दोऱ्यानं शिवलेली फट लागते, म्हणजे पिंजरा हरवला तर दोरा कुजून खेकडे सुटतात. २०२२ मध्ये स्नो क्रॅब या दुसऱ्या जातीचा हंगाम अख्खाच बंद होता.

राधानगरी_घाट: एवढ्या लांब कशाला? सिंधुदुर्गात कांदळवनात खेकडे पाळायला सरकारी अनुदान आहे, बचत गटाला ९० टक्के. माझे पाहुणे करतात.

तिकटी_९: अहो, ती योजना तिथल्या गावकऱ्यांसाठी. उचगावचा फिटर खाडीत काय करणार?

राधानगरी_घाट: शिकेल की! कर्ज काढून परदेशी जाण्यापेक्षा बरं.

पंचगंगा_काठ: पावसाळ्यात ओढ्याच्या खेकड्याचा रस्सा करा. खेकडा पाट्यावर वाटून, पाणी गाळून घ्यायचं.

डेकवाला: रस्सा राहू द्या. खरी मर्यादा माणसांवर आहे. अमेरिकन मासेमारी बोटीचा कप्तान अमेरिकन नागरिकच लागतो. बाकीच्यांत किमान ७५ टक्के नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले हवेत. उरलेल्यांनाही तिथं काम करायची कायदेशीर परवानगी लागते. कोल्हापुरातून वीस पोरं एका बोटीवर बसतच नाहीत.

उचगावकर: पण पावतीवर ‘क्रू लायसन्स फी’ लिहिलंय. सव्वा लाख.

डेकवाला: ते लायसन्स अलास्काचं मत्स्य खातं ऑनलाइन विकतं. त्यानं कामाचा व्हिसा मिळत नाही.

तिकटी_९: एजंटचा ई-मायग्रेटचा (परदेशी भरतीच्या सरकारी पोर्टलचा) नोंदणी क्रमांक माग. नोंदणी नसताना परदेशी भरती करणं १९८३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि नोंदणी असली तरी फी ३० हजार अधिक जीएसटी, त्याच्यावर घेता येत नाही.

उचगावकर: मागितला. सोमवारी देतो म्हणाला.

तिकटी_९: मग शनिवारी एक रुपया देऊ नकोस. पावतीचा फोटो टाक, नाव-नंबर झाकून.