सेट खोटा, पण भीती खरी

'द ऑक्स-बो इन्सिडंट' (१९४३) हा वेस्टर्न, म्हणजे अमेरिकन काउबॉयपट, स्टुडिओतल्या सेटवर उरकल्यामुळे खोटा वाटतो, अशी एक तक्रार असते. मला नेमकं उलट वाटतं. बजेट तुटपुंजं होतं हे खरं, पण त्यामुळेच वेस्टर्नमधलं ते मोकळं आभाळ इथे गायब झालंय. वाकडी झाडं, अंधार आणि दाटीवाटीने उभी असलेली माणसं, एवढंच दिसतं. गुरं चोरून खून केल्याच्या नुसत्या संशयावरून तिघांना फासावर द्यायला निघालेला जमाव, आणि त्यातून बाहेर पडायला जागाच नाही! खऱ्या दरीखोऱ्यात हा कोंडमारा इतका जाणवला नसता.

फासावर जाणाऱ्या एकाने बायकोला लिहिलेल्या पत्राचा प्रसंग बघाच. नायक हेन्री फोंडा ते पत्र वाचतो तेव्हा शेजारच्या सहकलाकार हॅरी मॉर्गनच्या हॅटच्या कडेमागे त्याचे डोळे झाकलेले असतात. नायकाचे डोळेच दाखवायचे नाहीत, हे धाडस दिग्दर्शक विल्यम वेलमनचं. फक्त ओठ हलतात आणि आवाज येतो. मला तरी वेस्टर्नमधला याहून ताकदीचा क्लोज-अप आठवत नाही.

फोंडाच्या कामात जी अस्वस्थता आहे तिला पार्श्वभूमीही आहे. १९१९ मध्ये अमेरिकेतल्या ओमाहा शहरात जमावाने विल ब्राउन या कृष्णवर्णीय माणसाला ठार केलं, ते चौदा वर्षांच्या फोंडाने वडिलांच्या छापखान्याच्या खिडकीतून पाहिलं होतं.

सिनेमा जेमतेम सव्वा तासाचा आहे. फोंडाचाच, ज्युरीवरचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' आवडला असेल तर हा चुकवू नका.