मदत हवी आहे: गोडोमध्ये सेव्ह केलेली डिक्शनरी लोड केल्यावर की सापडत नाही

नमस्कार मंडळी,

गोडो ४.४ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये एक छोटा गेम बनवतेय. खेळाडूची पिशवी डिक्शनरीत (की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांच्या यादीत) ठेवली आहे: की म्हणजे वस्तूचा क्रमांक, व्हॅल्यू म्हणजे किती नग. १०१ मशाल, १०२ दोरी, असं. खेळ चालू असेपर्यंत सगळं व्यवस्थित. पण जेसन फाइलमध्ये (डेटा साध्या मजकुरात ठेवणारी फाइल) सेव्ह करून परत लोड केलं की मशाल गायब! प्रिंट केल्यावर १०१ डोळ्यांसमोर दिसतंय, आणि की आहे का हे तपासणारं 'हॅज' मात्र फॉल्स, म्हणजे नाही, सांगतंय. दोन रात्री यातच गेल्या. शेवटी कीचा टाइप तपासला तेव्हा उलगडलं. जेसनमध्ये की कायम स्ट्रिंगच (मजकूरच) असते, म्हणून आकडा मजकूर होऊन परत येतो. नगही ३ चे ३.० झालेत.

सध्या लोड करताना लूप लावून प्रत्येक की परत इंटमध्ये (पूर्णांकात) बदलतेय. पण गेममधल्या पेटाऱ्यांच्या डिक्शनरीत आत आणखी डिक्शनरी आहेत, तिथे हा प्रकार फार किचकट होतो. गोडोचं 'स्टोअर व्हार' हे फंक्शन वापरून सेव्ह केलं तर टाइप टिकतात, हे माहीत आहे. पण ती फाइल बायनरी, आणि मला चुका शोधायला ती उघडून वाचता यायला हवी.

मग 'व्हार टू स्ट्रिंग' वापरून मजकुरात सेव्ह करावं, की पहिल्यापासून सगळ्या की स्ट्रिंगच ठेवाव्यात? टेस्टिंग करणाऱ्या मैत्रिणींकडच्या जुन्या सेव्ह फाइल काही करून चालायला हव्यात, त्यांनी तासन्‌तास खेळून जमवलंय सगळं. कोणी हे केलंय का?