पुनर्वसनाच्या इमारती मोजून वस्ती कळते का?

टिपणवही

मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसनावर बरंच संशोधन होतं. विकासकाने झोपड्या पाडून इमारत बांधायची आणि रहिवाशांना फुकट घर द्यायचं, ही योजना सुरू झाली १९९५ साली, म्हणजे तीस वर्षं लोटली. पण बहुतेक अभ्यास एकाच साच्याचे असतात. पुनर्वसनाची इमारत निवडायची, सोसायटीकडून सदनिकांची यादी घ्यायची, दर दहावं दार ठोठावायचं आणि विचारायचं, 'आधीपेक्षा बरं आहे का?' उत्तर बहुधा 'हो' येतं, कारण घरात संडास असतो, नळ असतो आणि पावसाळ्यात छत गळत नाही. मग अहवालात लिहिलं जातं की रहिवासी समाधानी आहेत.

माझा आक्षेप उत्तरावर नाही, यादीवर आहे. इमारतीत जे पोचले त्यांचंच मत त्यात येतं. वस्ती पाडली त्या दिवशी तिथे राहणारे पण यादीत नसलेले लोक असे: भाडेकरू, माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर राहणारं दुसरं कुटुंब, कागद अपुरे पडल्यामुळे अपात्र ठरलेले, संक्रमण शिबिरात (इमारत होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरात) किंवा भाड्याच्या घरात वर्षानुवर्षं अडकलेले, घर मिळाल्यावर ते विकून गेलेले. या पाचांपैकी एकाचंही दार त्या नमुन्यात नाही. बदल सगळ्यात जास्त यांच्याच आयुष्यात झालेला असतो.

म्हणून यादी पाडकामाच्या आधी करायला हवी, आणि तिचं एकक झोपडी नको, चूल हवी. एका झोपडीत खाली एक चूल, वर दुसरी, मागच्या पडवीत तिसरी असू शकते. गल्लीचा हाताने नकाशा काढायचा, प्रत्येक शिडी चढून बघायचं, चुलीगणिक क्रमांक द्यायचा. प्रत्येक कुटुंबाकडून तीन संपर्क घ्यायचे: गावाकडचा एक, कामाच्या ठिकाणचा एक, शेजारचा एक. घरातलाच नंबर तीनदा घेऊन उपयोग नाही, तिन्ही एकदम बंद होतात. त्यानंतर दर सहा महिन्यांनी गाठ घ्यायची, वस्ती असो वा नसो.

गोखले संस्थेने १९३६-३७ मध्ये धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याचं सर्वेक्षण केलं आणि १९५३-५४ मध्ये त्याच शहराचं फेरसर्वेक्षण झालं. शहर बदललं म्हणायचं तर आधीचं मोजलेलं हवं, ही शिस्त आपल्याकडे तेव्हापासून आहे. पुनर्वसनाच्या अभ्यासातच ती का सुटावी?

---

सांख्यिक

निदान पटलं, उपाय पटला नाही.

दर फेरीत ८ टक्के कुटुंबं हातची सुटतात असं धरू. पाडकाम झाल्यावर हा अंदाज मुळीच जास्त नाही. सहा महिन्यांना एक फेरी, अभ्यास आठ वर्षं चालला तर सोळा फेऱ्या. ०.९२ चा सोळावा घात काढा, ०.२६ येतो. म्हणजे शंभरातली सव्वीस कुटुंबं उरली. आणि ती कोणती? जी स्थिर आहेत, ज्यांचा फोन बदलत नाही, ज्यांना घर मिळणार आहे. तुम्हाला जो दोष टाळायचा होता तोच मागच्या दाराने परत आला, शिवाय आठ वर्षांचा पगार खर्च झाला.

त्यापेक्षा परिशिष्ट-२, म्हणजे योजनेसाठी केलेली झोपडीधारकांची अधिकृत यादी, वापरा. जमीन ज्याची, त्या यंत्रणेचा सक्षम प्राधिकारी (महापालिका, म्हाडा किंवा जिल्हाधिकारी) ही यादी करतो. पात्र आणि अपात्र दोन्ही नावं तिच्यात असतात आणि ती प्रसिद्ध होते. इमारत उभी राहिल्यावर प्रत्यक्ष राहणाऱ्यांची यादी करून दोन्ही जुळवा. न जुळणाऱ्यांचं प्रमाण म्हणजे गळती, आणि शोध घ्यायचा तो न जुळणाऱ्यांचाच. काम वर्षभरात होतं.

जुळवताना तीन ठिकाणी घोळ होतो. एक, नावाचं लेखन: एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. दोन, वारस: मूळ झोपडीधारक वारला, मुलगा राहतो, ती विक्री नाही. तीन, घर पती-पत्नी दोघांच्या नावे दिलं जातं, पण परिशिष्टात बहुधा एकच नाव असतं, त्यामुळे विधवा बाई 'नवी रहिवासी' म्हणून मोजली जाते. हे तीन घोळ न सोडवता काढलेली टक्केवारी फेकून द्यावी.

आणि ३०० घरांच्या इमारतीत दर दहावं दार कशाला? तीस घरांवरून काहीही सांगता येत नाही. ५ टक्के चुकीच्या मर्यादेत राहायचं तर १६९ घरं लागतात. तेवढी करणारच असाल तर सगळीच करा.

---

टिपणवही

@सांख्यिक, परिशिष्ट-२ जुळवून विक्री कळेल, भाडेकरू कळणार नाही. नियमात पात्रता प्रत्यक्ष राहणाऱ्याची आहे, झोपडीच्या मालकाची नाही. कागदावर भाडेकरूच पात्र ठरायला हवा. म्हणूनच मोजणीची कुणकुण लागली की त्याला आधी हलवलं जातं आणि मोजणीच्या दिवशी मालक स्वतः झोपडीत येऊन बसतो. यादी होते तेव्हा भाडेकरू गेलेला असतो. जो पहिल्याच यादीत नाही, तो दोन याद्या जुळवून कसा सापडणार?

दर फेरीत ८ टक्के सुटण्याचं गणित बरोबर आहे, पण सुटलेलं कुटुंब म्हणजे निव्वळ तोटा नाही. कोण, कधी आणि कुठल्या टप्प्यावर सुटलं हीच नोंद महत्त्वाची. पहिल्या फेरीतली माहिती हातात असते, त्यामुळे सुटलेल्यांसारखी जी कुटुंबं टिकली त्यांच्या उत्तरांना हिशेबात जास्त भार (वजन) देता येतो. इमारतीतून सुरुवात केली तर तो भार कशाच्या आधारावर देणार?

---

पागडीखाते

दोघेही माणसं मोजण्यात अडकलात. मूळ प्रश्न कारभाराचा आहे. वस्तीचा कारभार कसा चालायचा आणि इमारतीचा कसा चालतो, यातला फरक हाच सामाजिक बदल. त्यासाठी मुलाखतींपेक्षा दप्तर जास्त बोलतं.

वस्तीत पाच-पंधरा घरं मिळून एक नळजोडणी असते. बिल एकाच्या नावावर येतं, वर्गणी गोळा होते, कुणी थकवली तर शेजारी ओरडतात. सार्वजनिक संडासाची चावी, गणपतीची वर्गणी, बचत गटाचा हप्ता, सगळं तोंडओळखीवर चालतं. तिथे दादागिरी असते, जात असते, बायकांना बैठकीत मागे बसवलं जातं. त्या कारभाराचे गोडवे गाणं मला मान्य नाही. पण तो चालतो, कारण थकवणाऱ्याला रोज त्याच गल्लीतून जावं लागतं.

इमारतीत सहकारी गृहनिर्माण संस्था येते. नियमानुसार विकासक घरामागे ठरावीक रक्कम निधी म्हणून ठेवतो, आधी ती २०,००० रुपये होती, नंतर ४०,००० झाली. ४०,००० वर ६ टक्के व्याज म्हणजे वर्षाला २,४००, महिन्याला २००. आता खर्च बघा. १६० घरांची इमारत धरा. बारा-बारा तासांचे दोन पहारेकरी, प्रत्येकी १५,००० पगार, म्हणजे घरटी सुमारे १८८ रुपये. व्याज तिथेच संपलं. लिफ्टचा देखभाल करार, पंपाची वीज, जिन्याचे दिवे, टाकीची सफाई, झाडू, सांडपाण्याच्या लाइनची दुरुस्ती, सगळं वर्गणीतून. वर्गणी थकली की सर्वात आधी लिफ्टचा करार थांबतो. लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यावरचे म्हणतात, 'लिफ्ट नाही तर वर्गणी का द्यायची?' आणखी थकबाकी वाढते. वरच्या मजल्यावरचा म्हातारा खाली उतरायचा थांबतो, तो या चक्रामुळे. उंच इमारतीत एकटेपणा येतो असं मोघम लिहून ते समजत नाही.

थकबाकी वसूल करायला सहकार कायद्यात वसुली दाखल्याची सोय आहे. पण निबंधकाकडे अर्ज करायचा तर हिशेब लेखापरीक्षित हवेत, मागणीच्या नोटिसा दिलेल्या हव्यात, सभेचे ठराव नोंदलेले हवेत. इमारतीत यातलं एकही धड नसेल तर दाखला मिळत नाही.

कारभार अभ्यासायचा असेल त्याने हे मागावं: मागच्या पाच वर्षांची वार्षिक सभेची इतिवृत्तं, थकबाकीची यादी मजल्यानुसार, सामाईक वीजमीटरची बिलं, लिफ्ट दुरुस्तीच्या पावत्या. वीजबिल सगळ्यात खरं. पंप आणि लिफ्ट बंद असली की युनिट खाली येतात, ते कुणाला लपवता येत नाही. इतिवृत्तात हजेरी बघा. सभेची गणपूर्ती दोन तृतीयांश सभासद किंवा २०, जे कमी असेल ते. म्हणजे १६० घरांत २० जण जमले की सभा कायदेशीर. कित्येक वर्षं तेच २० दिसत असतील तर कारभार कोणाच्या हाती आहे ते कळलं.

आणि ते २० कोण? बहुधा इमारतीच्या आधीपासूनचे. विकासक निवडायला आणि संमती गोळा करायला 'प्रस्तावित संस्था' लागते. पूर्वी ७० टक्के संमती लागायची, आता ५१. ती मिळवून देणारी मंडळी पुढे अध्यक्ष-सचिव होतात. माझ्या मते संशोधनाची सुरुवात संमतीच्या काळापासून व्हावी, पाडकामापासूनही नाही.

---

ओटा

पागडीखाते यांचा प्रतिसाद उत्तम. पण संपूर्ण धाग्यात एक गृहीतक कुणी तपासलं नाही: घर विकून गेलेलं कुटुंब म्हणजे योजनेचं अपयश.

का? २२५ चौरस फुटांचं घर मिळालं, २००८ नंतर २६९ झालं, २०१८ च्या नियमावलीत ३००. घरात सहा माणसं, दोन कर्ती मुलं, एकाचं लग्न ठरलेलं. ते विकून नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला दोन खोल्यांचं घर घेतलं आणि वर थोडे पैसे उरले, तर हा कुटुंबाचा विचारपूर्वक निर्णय आहे. मध्यमवर्गीय माणूस दादरचं घर विकून ठाण्याला जातो तेव्हा कुणी म्हणत नाही की त्याचं पुनर्वसन फसलं. गरिबाने मात्र फुकट मिळालेल्या घरात मरेपर्यंत राहावं, ही अपेक्षा संशोधकांची आहे. त्यांनी ती आधी स्वतःला लावून बघावी.

दुसरी गोष्ट, विक्री मोजायची पद्धत. घर विकायला मुळात दहा वर्षं बंदी होती, पुढे मुदत कमी केली. बंदीच्या काळात घेतलेल्या घरात राहणारा माणूस अनोळखी मुलाखतकाराला काय सांगेल? 'आम्ही नातेवाईक आहोत.' मालकीचा प्रश्न विचारलात की पुढची सगळी उत्तरं बिघडली. विचारायचंच असेल तर आडून विचारा: मूल गेल्या वर्षी कुठल्या शाळेत होतं, रेशनकार्ड कुठल्या पत्त्याचं आहे, गॅस कधी जोडला. तीन उत्तरं एकत्र ठेवली की कधीपासून राहतात ते समजतं, आणि समोरच्याला खोटं बोलावं लागत नाही.

---

टिपणवही

@ओटा, विक्री म्हणजे अपयश असं मी लिहिलेलं नाही. पण 'विचारपूर्वक निर्णय' हेही तपासल्याशिवाय म्हणता येत नाही. चांगल्या घरासाठी विकणारे आणि दवाखान्याच्या कर्जापायी, वर्गणीच्या थकबाकीपायी विकणारे वेगळे. विकून गेलेल्यांना गाठल्याखेरीज दोन्हीतलं प्रमाण कळणार नाही. म्हणूनच गावाकडचा नंबर.

---

रेषा

एक भर. पुनर्वसनाबद्दल बोलताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात आणि तुलना चुकते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत बहुधा त्याच जागेवर इमारत होते. रेल्वे आणि रस्ते प्रकल्पांतल्या बाधितांना मात्र दूर हलवलं गेलं, उदाहरणार्थ मानखुर्द-गोवंडीकडची लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंड. तिथल्या क्षयरोगाचा घराच्या रचनेशी संबंध तपासणारा अभ्यास २०१८ च्या सुमारास झाला. इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर, खालच्या मजल्यांना ऊन नाही, वारा नाही. तो निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण तो उचलून सगळ्या पुनर्वसनाला लावता येत नाही. स्थलांतरित वसाहतीत काम, शाळा, दवाखाना सगळं बदललेलं असतं, जागच्या जागी झालेल्या इमारतीत बदलतं ते घर. नमुना निवडताना हे दोन गट वेगळे ठेवावेत, आणि प्रत्येक घराचा मजला व खिडकीसमोरचं अंतर फीत लावून नोंदवावं. 'हवा खेळती आहे का' या प्रश्नाला मिळालेलं 'हो' कशाच्या तुलनेत ते समजत नाही.

---

सांख्यिक

रेषा यांच्याशी सहमत. असाच गोंधळ जनगणनेच्या आकड्यांचा. २००१ ला मुंबईतली सुमारे ५४ टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत, २०११ ला सुमारे ४१, म्हणून पुनर्वसन यशस्वी, असं सर्रास लिहिलं जातं. जाहीर झालेल्या वस्त्या सोडल्या तर जनगणना झोपडपट्टी म्हणते ती किमान ६०-७० घरांच्या सलग पट्ट्याला. पाडकामानंतर विखुरलेली वीस-वीस घरं त्यात येत नाहीत. उतरलेला प्रत्येक टक्का इमारतीत गेला असं धरायला आधार नाही.

टिपणवही यांच्या चुलींच्या यादीला माझा विरोध कायम आहे, पण खर्चापुरता. एकाच वस्तीत १५० चुली, फेरी सहा महिन्यांऐवजी वर्षाला, आणि बाकी सगळीकडे परिशिष्ट जुळवणी. एवढं विद्यापीठाच्या एका विभागाला झेपेल.

---

ओटा

झेपेल, पण त्या यादीचं पुढे काय?

१९७६ साली ४ जानेवारीला मुंबईतल्या झोपड्यांची गणना झाली आणि फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं फोटो असलेलं ओळखपत्र, दिले गेले. त्या पासाने हजारो कुटुंबांना आधार दिला, आणि तो नसणाऱ्यांना उघड्यावर सोडलं. तेव्हापासून वस्तीत यादी म्हणजे हक्क किंवा हकालपट्टी. धारावीत २०२४ मध्ये मोजणी सुरू झाली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धारावीबाहेर भाडेतत्त्वावरचं घर असा निकष आहे. अशा वेळी 'वरच्या मजल्यावर दुसरी चूल' ही तुमच्या वहीतली नोंद त्या कुटुंबाविरुद्ध वापरली जाऊ शकते. ते तुम्हाला दार उघडतील का, आणि त्यांनी का उघडावं?

किमान एवढं हवं: नाव-पत्ता एका वहीत, उत्तरं दुसऱ्या वहीत, दोन्हींना जोडणारे क्रमांक तिसऱ्या ठिकाणी, वस्तीबाहेर. नकाशात झोपडी नेमकी दाखवायची नाही, गल्लीपर्यंतच थांबायचं. निधी देणाऱ्याला किंवा झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाला कच्ची माहिती मिळणार नाही, हे करारात लिहून घ्यायचं, आणि ते लिहून द्यायला तयार नसतील तर वरच्या मजल्याची मोजणी सोडून द्यायची.

---

टिपणवही

तीन वह्या मान्य, करारही मान्य. मोजणी सोडणं मान्य नाही. वरच्या चुलीची नोंद फक्त प्राधिकरणाकडे राहिली, तर उद्या 'तिथे कुणी राहतच नव्हतं' असं कागदावर आलं की खोडायला दुसरा कागद कुणाकडेच नसेल. नोंदीची सही केलेली एक प्रत त्या कुटुंबाकडे ठेवा, आणि ती कुठे दाखवायची ते त्यांना ठरवू द्या.

---

पागडीखाते

प्रत द्यायचीच तर बाईच्या नावाने द्या. घरटी एक कागद म्हटलं की तो पुरुषाच्या पाकिटात जातो, आणि घर सोडायची वेळ आली की तिच्याकडे काहीच उरत नाही.