तुओबा नुसते लुटारू नव्हते
कुणीतरी म्हटलंय की तुओबा लोक (उत्तरेकडच्या शियानबेई भटक्यांपैकी एक टोळी, चीनमधलं उत्तर वेई राज्य यांचंच) घोड्यावरून आले, लूट केली आणि चिनी होऊन गेले. इतकं सोपं नव्हतं हो ते. तुओबा ग्वेईने 386 मध्ये राज्य उभं केलं, 398 मध्ये राजधानी पिंगचेंगला (आजचं दातोंग) नेली, आणि मुख्य म्हणजे टोळ्या मोडून लोकांना जमिनीवर बसवलं, जिंकलेल्या भागातली माणसं हजारोंनी आणून राजधानीभोवती शेतीला लावली, मला तर त्यांच्या यशाचं खरं कारण हेच वाटतं, घोडदळ काय बाकीच्यांकडेही होतंच की. 439 पर्यंत अख्खा उत्तर चीन त्यांच्या हाताखाली.

आणि चिनी होणं म्हणाल तर ते त्यांच्याच सम्राट शियाओवेनने वरून लादलं. 494 मध्ये राजधानी लुओयांगला, दरबारात स्वतःची शियानबेई भाषा बंद, जुना पोशाख बंद, घराण्याचं तुओबा हे आडनावसुद्धा बदलून युआन केलं. पण त्याचाच थोरला मुलगा, जेमतेम 13-14 वर्षांचं पोर, अंगाने जाड, त्याला लुओयांगचा उकाडा सोसवेना, पिंगचेंगला पळून जायच्या बेतात पकडला गेला. युवराजपद गेलं, आणि पुढच्या वर्षी बापाच्याच हुकमाने जीवही गेला. वाचताना पोटात कालवतं अगदी. उत्तर सीमेवरच्या छावण्यांमधले सैनिकही या बदलात असेच मागे पडले, पुढे बंड तिथूनच पेटलं आणि 534 मध्ये राज्याचे दोन तुकडे झाले.